समुचित तंत्रज्ञान आणि विद्यार्थी अभियंते

समुचित तंत्रज्ञान म्हणजे एखाद्या समाजाची गरज, तेथे उपलब्ध असलेले साहित्य, स्थानिक कौशल्य, खर्च करण्याची ऐपत आणि पर्यावरण यांच्याशी मेळ साधणारे तंत्रज्ञान होय. हातपंप, सुधारित चूल, गोबर गॅस संयंत्र, लहान बंधारा, गुरुत्वाकर्षणावर चालणारी नळपाणी योजना व कांदा चाळ ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जगातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अशा तंत्रज्ञानाची निवड, रचना व चाचणी हा विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा भाग केला. आफ्रिकेतील ग्रामीण भाग हे या कार्याचे एक मोठे क्षेत्र ठरले. महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'सितारा' हे केंद्र, पाबळचा विज्ञान आश्रम आणि राज्य शासनाचे उन्नत महाराष्ट्र अभियान हे या प्रवाहाचे प्रमुख प्रतिनिधी मानता येतात. प्रस्तुत लेखात या प्रवाहाचा इतिहास, महाराष्ट्रातील व विशेषतः नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील संदर्भ आणि त्याच्या मर्यादा यांचा आढावा घेतला आहे.

संकल्पना

समुचित तंत्रज्ञान म्हणजे जुने किंवा कमी प्रतीचे तंत्रज्ञान असा समज आढळतो. तो बरोबर नाही. एखादे साधन कितपत आधुनिक आहे यापेक्षा ते ज्या ठिकाणी वापरायचे तेथे टिकेल काय, हा येथे मुख्य प्रश्न असतो. साधारणपणे पुढील निकष लावले जातात :

• साधनाची किंमत आणि ते चालविण्याचा आवर्ती खर्च वापरणाऱ्यांना झेपणारा असावा.
• दुरुस्ती गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकावी व सुटे भाग जवळच्या बाजारात मिळावेत.
• ते चालविण्यास लागणारे कौशल्य थोड्या प्रशिक्षणाने आत्मसात करता यावे.
• ज्यांचे कष्ट कमी व्हावेत अशी अपेक्षा आहे त्यांचा, विशेषतः स्त्रियांचा, निवडीत सहभाग असावा.
• पाणी, माती व इंधन यांच्या स्थानिक साठ्यावर अवाजवी ताण पडू नये.

या निकषांनुसार एकच साधन एका गावी समुचित आणि दुसऱ्या गावी गैरलागू ठरू शकते. वीजपुरवठा नियमित असलेल्या गावात विद्युत पंप योग्य ठरेल. परंतु वीजबिल भरण्याइतकी पाणीपट्टी गोळा होत नसेल, तर तोच पंप काही महिन्यांत बंद पडतो.

इतिहास

भारतातील पूर्वपीठिका

'समुचित तंत्रज्ञान' ही संज्ञा रूढ होण्यापूर्वीच भारतात हा विचार सुरू झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडामुळे जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती व तो खपण्यास बराच काळ जावा लागला. साधन उत्तम असले तरी वापरणाऱ्याचा विश्वास संपादन करावा लागतो, याचे हे महाराष्ट्रातील एक जुने उदाहरण आहे.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. चरख्याची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी आणि तो खेड्यातील झोपडीत सहज चालवता यावा, अशा त्याच्या अटी होत्या. या सर्व अटी पूर्ण करणारा चरखा मिळाला नाही व पारितोषिक कोणालाही दिले गेले नाही. १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली मगनवाडी येथे तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन अशा उद्योगांवर प्रयोग झाले. याच परंपरेत १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी वर्धा येथे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राची स्थापना केली.

संज्ञेचा प्रसार

अर्थशास्त्रज्ञ ई. एफ. शूमाखर यांनी 'मध्यम तंत्रज्ञान' ही कल्पना मांडली. खेड्यातील पारंपरिक अवजार आणि महागडे कारखानी यंत्र यांच्या मधली पायरी, असा तिचा आशय होता. तिच्या प्रसारासाठी १९६६ मध्ये लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्मॉल इज ब्यूटिफुल' या त्यांच्या ग्रंथामुळे हा विचार जगभर पोहोचला. शूमाखर यांच्यावर गांधी व कुमारप्पा यांच्या विचारांचा प्रभाव होता. पुढल्याच वर्षी, १९७४ मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य के. एन. रेड्डी यांच्या पुढाकाराने 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञान विभाग सुरू झाला.

आफ्रिकेतील विद्यार्थी उपक्रम

घानातील कुमासी येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात १९७२ साली तंत्रज्ञान सल्ला केंद्र सुरू झाले. विद्यापीठातील ज्ञान लहान कारागिरांच्या कामठ्यांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा उद्देश होता. आफ्रिकी विद्यापीठाने स्वतः उभारलेला हा आरंभीचा उपक्रम असल्याने त्याला विशेष महत्त्व आहे.

२००० साली कॅनडात आणि २००२ साली अमेरिकेत 'इंजिनियर्स विदाउट बॉर्डर्स' या नावाने स्वतंत्र संस्था स्थापन झाल्या. त्यांच्या महाविद्यालयीन शाखांमधील विद्यार्थी आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील गावांत पाणी, स्वच्छता, पूल व ऊर्जा यांविषयी काम करू लागले. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत एमी स्मिथ यांनी 'डी-लॅब' हा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांनी स्वतः बोट्स्वाना देशात स्वयंसेवक म्हणून काम केले होते. या अभ्यासक्रमात विद्यार्थी वर्गात साधनाची रचना करतात व नंतर प्रत्यक्ष गावात राहून ती तपासतात.

या उपक्रमांना अपयशही आले. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या 'प्लेपंप' या साधनात मुलांच्या फिरत्या चक्राला पंप जोडलेला होता. मुले खेळतील आणि पाणी टाकीत चढेल अशी कल्पना होती. २००६ मध्ये त्यासाठी मोठा आंतरराष्ट्रीय निधी जाहीर झाला. परंतु एका पंपावर अडीच हजार लोकांची गरज भागवायची, तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल, असा हिशेब २००९ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने मांडला. अनेक ठिकाणी मुलांऐवजी स्त्रियांनाच ते चक्र हातांनी ढकलावे लागत होते. कॅनडातील संस्थेने २००८ पासून स्वतःच्या फसलेल्या प्रकल्पांचा वार्षिक 'अपयश अहवाल' प्रसिद्ध करण्याची प्रथा पाडली.

महाराष्ट्रातून आफ्रिकेकडे : हातपंप

ग्रामीण आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा 'इंडिया मार्क २' हा हातपंप मूळचा महाराष्ट्रातील प्रयोगांतून घडला आहे. १९६०च्या दशकातील दुष्काळात दख्खनच्या कठीण कातळात यंत्राने विंधन विहिरी खोदण्यास सुरुवात झाली. त्यांवर बसविलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी बनविलेले होते. शेकडो माणसांच्या दैनंदिन वापराचा भार त्यांना सोसवेना, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातील बहुसंख्य हातपंप नादुरुस्त झाल्याचे आढळले.

जालना येथील मिशनच्या पाणी प्रकल्पात पोलादाचा नवा पंप तयार करण्यात आला. त्यात पुढे सोलापूर येथे सुधारणा झाली व तो 'सोलापूर पंप' म्हणून ओळखला जाऊ लागला. युनिसेफ, मद्रास येथील यांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा कारखाना यांनी या पंपावरून 'इंडिया मार्क २' हे प्रमाणित रूप विकसित केले. या पंपात दांड्याच्या पुढील कमानीला साखळी जोडलेली असते. त्यामुळे आतील सळई सरळ उभ्या रेषेत ओढली जाते, ती वाकत नाही आणि झीज कमी होते. रचना खुली ठेवल्यामुळे अनेक कारखान्यांना तो बनविता आला.

आफ्रिकेत गेल्यावर मात्र या पंपाची एक उणीव उघड झाली. जमिनीखालील भाग दुरुस्त करण्यासाठी जड अवजारे आणि प्रशिक्षित पथक लागे. भारतात अशी पथके जिल्हा पातळीवर होती, तर विरळ वस्तीच्या आफ्रिकी प्रदेशांत ती पोहोचत नसत. त्यामुळे गावपातळीवर दुरुस्त होऊ शकेल असा 'आफ्रिदेव' पंप मलावी व केनिया येथे विकसित झाला, तर भारतात 'इंडिया मार्क ३' तयार झाला. तरीही प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार सहाराच्या दक्षिणेकडील २० देशांतील सुमारे ३६ टक्के हातपंप बंद होते. पंप बसविणे आणि तो चालू ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, ही जाणीव या अनुभवातून दृढ झाली.

महाराष्ट्रातील उपक्रम

विज्ञान आश्रम, पाबळ

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ (ता. शिरूर) येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. 'हाताने काम करीत शिकणे' हे त्यांच्या शिक्षणपद्धतीचे सूत्र होते. शेती, बांधकाम, वीज, लोहारकाम, अन्नप्रक्रिया यांचे प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी गावाला आवश्यक सेवा प्रत्यक्ष पुरवितात. शालेय पातळीवरील 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम येथूनच विकसित झाला. २००२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने येथे 'फॅब लॅब' सुरू झाली. अमेरिकेबाहेरील ती पहिल्या फॅब लॅबपैकी एक होती.

सितारा, मुंबई

मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे केंद्र स्थापन झाले. ते 'सितारा' या लघुनामाने ओळखले जाते. आरंभी चुली, जैवइंधन, अन्नप्रक्रिया अशा साधनांवर त्याचा भर होता. २००७ मध्ये 'तंत्रज्ञान व विकास' या विषयात पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात विद्यार्थ्यांनी काही आठवडे खेड्यात राहून अभ्यास करणे अपेक्षित असते. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली गावातील एखादा प्रश्न प्रकल्प म्हणून निवडता येतो.

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) मोखाडा या तालुक्यांतील पिण्याच्या पाण्यावर येथील विद्यार्थ्यांनी विस्तृत काम केले. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पाऊस विपुल पडतो. परंतु बेसाल्ट खडकात पाणी फारसे साठत नसल्याने एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतात. कर्जत तालुक्यातील गुडवणवाडी या आदिवासी वाडीजवळचा बंधारा हे या कामाचे एक दृश्य फलित आहे. ग्रामीण नळयोजनेत कोणत्या टप्प्यावर किती व्यासाची नळी टाकल्यास खर्च किमान राहील, याचे गणित करणारी 'जलतंत्र' ही संगणकप्रणालीही याच संस्थेत तयार झाली. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत विकसित करण्यातही या संस्थेचा सहभाग होता.

उन्नत भारत व उन्नत महाराष्ट्र अभियान

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१४ मध्ये उन्नत भारत अभियान सुरू केले. त्यात उच्च शिक्षण संस्थांनी परिसरातील गावे निवडून तेथील प्रश्नांवर काम करावे अशी अपेक्षा आहे. दिल्लीची भारतीय तंत्रज्ञान संस्था त्याचे समन्वयन करते. महाराष्ट्र शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानाला शासकीय मान्यता दिली. प्रा. मिलिंद सोहोनी हे त्यामागील प्रमुख प्रेरकांपैकी एक होत. आपल्या जिल्ह्यातील नळयोजना, एस. टी. सेवा, घनकचरा, सिंचन इत्यादींचा अभ्यास स्थानिक महाविद्यालयाने करावा, आणि जिल्हा प्रशासनाने त्याचा उपयोग करून घ्यावा, हे या अभियानाचे वैशिष्ट्य आहे. येथे नवे यंत्र शोधण्यापेक्षा चालू व्यवस्था का अडते याच्या तपासणीला अधिक महत्त्व आहे.

निफाड तालुका

निफाड तालुका गोदावरी, कादवा व बाणगंगा यांच्या खोऱ्यांत वसलेला असून कांदा, द्राक्षे, ऊस व गहू ही येथील प्रमुख पिके आहेत. काकासाहेब वाघ यांच्या शैक्षणिक व सहकारी कार्याशी या तालुक्याचा जवळचा संबंध आहे. नाशिक येथील एक अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. समुचित तंत्रज्ञानाच्या दृष्टीने तालुक्यातील पुढील विषय उल्लेखनीय आहेत.

कांदा साठवण : लासलगाव व पिंपळगाव बसवंत या तालुक्यातील मोठ्या बाजारपेठा आहेत. उन्हाळ कांदा काढणीनंतर साधारणतः एप्रिल ते ऑक्टोबर या काळात चाळीत साठविला जातो. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच व हवा खेळती राहील असा असतो. बाजू बांबू, लाकडी पट्ट्या किंवा जाळीच्या असतात. कांद्याच्या थराची रुंदी सुमारे चार फूट व उंची पाच फुटांपर्यंत ठेवतात; थर याहून जाड झाल्यास मधल्या कांद्याला हवा लागत नाही. कांदा पातीसह शेतात सुकवून, एक ते दीड इंच मान ठेवून पात कापणे आणि नंतर सावलीत वाळविणे हाही या तंत्राचा भाग आहे. चितेगाव फाटा येथील राष्ट्रीय बागवानी अनुसंधान व विकास प्रतिष्ठानाने सुधारित चाळीच्या प्रसारास हातभार लावला.

लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ मध्ये कार्यान्वित झाले. विकिरणामुळे कांद्याला कोंब फुटणे थांबते. मात्र सड थांबत नाही. २००७ पासून अमेरिकेला निर्यात होणाऱ्या आंब्यावर येथे प्रक्रिया होऊ लागली. उच्च तंत्रज्ञानाचे हे केंद्र आणि शेतकऱ्याची बांबूची चाळ एकाच तालुक्यात असली, तरी कांद्याच्या साठवणीचा मुख्य भार आजही चाळीवरच आहे. सडू लागलेल्या कांद्यातून निघणारे वायू व चाळीतील आर्द्रता संवेदकाने टिपून शेतकऱ्याला वेळीच सूचना देणारी उपकरणे अलीकडच्या काळात नाशिक परिसरातील तरुण अभियंत्यांनी विकसित केली. सूचना मिळाल्यावर खराब कांदा निवडून बाजूला काढण्याचे काम हातांनीच करावे लागते. त्यामुळे उपकरणाचा लाभ त्या हंगामात मजूर उपलब्ध आहेत काय यावरही अवलंबून राहतो.

पाणीवाटप : दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर शेवटच्या टोकाला असलेल्या ओझर (ता. निफाड) परिसरात पाणी पोहोचत नसे. बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९०च्या दशकारंभी तेथे पाणी वापर संस्था स्थापन झाल्या. पाटचारीवर पाणी घनमापनाने मोजून घेणे आणि त्यानुसार आकारणी करणे ही पद्धत त्यांनी अवलंबिली. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. प्रवाहात बसविलेले साधे मोजमापाचे साधन सर्वांना वाचता येत असल्याने वाटपाविषयी विश्वास निर्माण झाला. साधन आणि संघटना यांची जोड कशी असावी, याचे हे उदाहरण जलव्यवस्थापनाच्या अभ्यासात वारंवार दिले जाते.

उसाचे पाचट : ऊसतोडणीनंतर शेतात उरणारे पाचट बहुधा जाळले जाते. ते हलके व विखुरलेले असल्याने वाहून नेणे परवडत नाही. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या 'आरती' या संस्थेने शेतातच पाचटाचा कोळसा करणारी भट्टी विकसित केली. त्यासाठी तिला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. खरकट्या अन्नावर चालणाऱ्या लहान बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये तिला तो दुसऱ्यांदा मिळाला. संस्थेचे हे तंत्र टांझानियातही पोहोचले. उसाच्या चोथ्यापासून कोळसा बनविण्याचा प्रयोग हैतीमध्ये 'डी-लॅब'च्या विद्यार्थ्यांनीही केला. ऊसपट्ट्यात अलीकडे पाचट न जाळता त्याची कुट्टी करून जमिनीत आच्छादन म्हणून वापरण्यावर अधिक भर दिला जातो.

थंडी व द्राक्षबागा : हिवाळ्यात निफाडचे किमान तापमान राज्यातील नीचांकी नोंदींमध्ये गणले जाते. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातील नोंदी यासाठी प्रमाण मानल्या जातात. कडाक्याच्या थंडीत द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात किंवा ठिबकने पाणी देतात.

कार्यपद्धती

विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य सामान्यतः गावाची पाहणी, मोजमाप, पर्यायांची तुलना, ग्रामसभेत चर्चा, प्रायोगिक उभारणी व पुनर्तपासणी या क्रमाने चालते. उदाहरणार्थ, जलजीवन मिशनच्या निकषानुसार माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरल्यास १,००० वस्तीच्या गावाला दिवसाला ५५,००० लिटर पाणी लागते. उन्हाळ्याच्या शेवटच्या ६० दिवसांसाठी ही गरज ३३ लाख लिटर होते. विहिरीत मार्चअखेर किती पाणी उरते हे मोजल्यावरच नवी टाकी हवी, की नवा उद्भव, की गळती काढणे पुरेसे आहे, हे ठरविता येते. कागदावर योजना पूर्ण झालेली असूनही टँकर येत असेल, तर उद्भव आटणे, वीजबिल थकणे, वाहिनी फुटणे किंवा उंचावरील वस्तीपर्यंत दाब न पोहोचणे यांपैकी कोणते कारण आहे, हे शोधणे हाच अभ्यासाचा गाभा असतो.

टीका आणि मर्यादा

विद्यार्थी प्रकल्पांवरील सर्वांत मोठा आक्षेप कालावधीविषयी आहे. शैक्षणिक सत्र काही महिन्यांचे असते, तर पाण्याच्या प्रश्नाचे खरे स्वरूप समजण्यास किमान एक पावसाळा व एक उन्हाळा पाहावा लागतो. विद्यार्थ्याला गुण मिळाले की प्रकल्प संपतो. गावाच्या दृष्टीने मात्र देखभालीचे काम तेव्हा सुरू होते. एकदा फसलेल्या प्रयोगानंतर गावकरी पुढील गटाला सहकार्य करण्यास नाखूश असतात. ही हानी अहवालात दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की, तंत्रज्ञानाने सामाजिक प्रश्न झाकला जातो. गावातील एका वस्तीला पाणी मिळत नसेल, तर त्याचे कारण नळीचा व्यास असेल किंवा जातिभेदही असेल. केवळ अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्याला हा फरक ओळखणे कठीण जाते. सुधारित चुलींच्या बाबतीत स्त्रियांना न विचारता रचना ठरविल्याने भाकरी भाजणे वा मोठे भांडे ठेवणे गैरसोयीचे झाले आणि चुली अडगळीत गेल्या, असा अनुभव आहे. ग्रामीण भागासाठी वेगळे, स्वस्त तंत्रज्ञान सुचविणे म्हणजे त्याला दुय्यम सेवेवर समाधान मानायला लावणे होय, अशीही टीका केली जाते.

याउलट समर्थकांचे म्हणणे असे की, जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांच्याकडे तांत्रिक मनुष्यबळ अपुरे असताना त्याच जिल्ह्यातील महाविद्यालय हा दीर्घकाळ उपलब्ध राहणारा आधार आहे. विद्यार्थी बदलले तरी शिक्षक, प्रयोगशाळा व मोजमापाच्या नोंदी तेथेच राहतात. त्यामुळे परदेशातून वा महानगरातून येणाऱ्या अल्पकालीन गटांपेक्षा स्थानिक महाविद्यालयाने तीच गावे वर्षानुवर्षे अभ्यासावीत, या मताकडे आता कल दिसतो.

हेसुद्धा पाहा

• विज्ञान आश्रम, पाबळ
• भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई
• जे. सी. कुमारप्पा
• पाणी वापर संस्था
• निफाड तालुका
• लासलगाव